दुधीवर मार्का कोणाचा?

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
तसेच राणीच्या बागेतल्या वार्षिक झाडे-फुले-फळे-भाज्यांच्या प्रदर्शनाची आखणी करणारे सर्व अधिकारी व कर्मचारी,
बृहन्मुंबई महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खुलं लिहिते आहे, कारण यातलं मागणं माझ्या एकटीचं नाही. ज्यांचं आहे ती माणसं पत्रं लिहीत बसणार नाहीत. त्यांना पहाटेची पहिली लोकल पकडून स्टेशनाबाहेर टोपल्या मांडायच्या असतात.

माझी ओळख एवढीच की मी भायखळ्याची. वडील भाजी मार्केटात एका गाळ्यावर दिवाणजी होते. मूळ गाव जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या अलीकडे, त्यामुळे गाळ्यावर येणारा निम्मा माल ओळखीच्या रानांतला. मध्यरात्रीनंतर माळशेज उतरून आलेले ट्रक लागायचे, माथाडी डाग उतरवायचे आणि वडील कानावर पेन्सिल खोचून उभे. डाग म्हणजे पोतं, करंडी, डालगं, जे काही एक नग म्हणून मोजलं जाईल ते. प्रत्येक डागावर शेतकऱ्याचा मार्का असायचा. कोणाचं अक्षर, कोणाचा विळा, कोणाचा नुसताच गेरूचा आडवा फटकारा. एक म्हातारबुवा रंगाच्या भानगडीत पडत नसत, ते करंडीच्या कानाला लाल चिंधीची दुहेरी गाठ मारत. अंधारात ती गाठ हाताला लागली की वडील म्हणायचे, "आले आपले गाठवाले."

मार्का पुसला गेला तर पंचाईत. माल विकला जायचाच, पण पैसे कोणाच्या नावावर टाकायचे? सकाळी दहाच्या सुमाराला वडील पट्ट्या लिहायला बसत. वर नाव, मग डाग किती, वजन किती, भाव काय. त्यातून आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा. खाली उरलेला आकडा. कधीकधी आकडा उरायचाच नाही. कोथिंबिरीची किंवा टोमॅटोची लाट आली की पट्टी उलटी यायची, म्हणजे माल विकून वर शेतकऱ्याकडेच गाडीभाड्याचे पैसे निघायचे. तसली पट्टी लिहिताना वडील अक्षर फार बारीक काढत. का, ते मी कधी विचारलं नाही.

कांदा-बटाटा आधीच वाशीला गेला होता, १९९६ मध्ये भाजीचा घाऊक बाजारही गेला. वडिलांनी काही महिने हार्बरचे धक्के खाल्ले आणि मग ते घरी बसले. त्यांचा वेळ जावा म्हणून मी एकदा त्यांना भाजी-फळांच्या एका प्रदर्शनाला घेऊन गेले. कुठलं ते सोडा, मुंबईत अशी बरीच होतात. पांढऱ्या कापडावर एक दुधी मांडला होता. हातभर लांब, पोपटी, अंगावरची लव अजून शाबूत. समोर पाटी: वर मराठी नाव, खाली लॅटिन. वडील वाकले, त्यांनी दुधी हलकेच फिरवला आणि देठाकडची बाजू पाहू लागले. एक स्वयंसेवक धावत आला. "आजोबा, हात लावू नका."

वडील सरळ झाले. म्हणाले, "हात नाही लावत. मार्का बघतोय."

त्या पोराला काही कळलं नाही. मला कळलं, पण तेव्हा मलाही हसूच आलं होतं.

आता हे सगळं मी तुम्हाला का सांगते आहे? कारण मुंबईत शेतीच्या प्रदर्शनाला हक्काची जागा कुठली, असं कोणी विचारलं तर लोक गोरेगावचे मोठे हॉल किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातलं मैदान सांगतील. तुमच्या बागेचं नाव कोणी घेणार नाही. राणीची बाग म्हटलं की आमच्या पिढीला हत्ती आठवतो आणि आमच्या नातवंडांना २०१६ साली आलेले पेंग्विन. खरं तर ही बाग शेतीच्या पोटी जन्मली, आणि ते बागेत शिरताना कोणाच्याही ध्यानीमनी नसतं.

१८३० मध्ये मुंबईत शेती आणि बागायतीसाठी एक संस्था निघाली, ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया. एवढं लांब नाव घेण्यापेक्षा आपण तिला शेतकी संस्था म्हणू. १८३५ मध्ये सरकारनं तिला शिवडीत जमीन दिली. डॉ. जॉर्ज बुइस्ट नावाचे वर्तमानपत्राचे संपादक तिचे चिटणीस होते आणि शिवडीची बाग उभी करण्यात त्यांचा मोठा हात होता. पुढे शहराला गोऱ्या लोकांच्या दफनभूमीसाठी जागा हवी झाली आणि नेमकी ही बाग दिसली. शिवडीची ती ख्रिस्ती दफनभूमी आजही आहे. तिथली गर्द झाडी पाहिली की मला वाटतं, मातीला आपलं पहिलं काम आठवत असावं.

जागा गेली म्हणून संस्थेनं माझगावच्या माउंट इस्टेटवर ३३ एकर घेतले. १८६१ मध्ये काम सुरू झालं आणि १९ नोव्हेंबर १८६२ ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते बाग लोकांसाठी खुली झाली. नाव व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणून आपली राणीची बाग. १८७३ मध्ये शेतकी संस्था मोडीत निघाली आणि बाग पालिकेच्या पदरात पडली. प्राण्यांसाठी आणखी १५ एकर जोडले गेले ते १८९० मध्ये. म्हणजे वाघ-सिंह आले ते बाग उघडल्यावर अठ्ठावीस वर्षांनी, पोटभाडेकरूसारखे. घरमालक झाडंच.

बागेच्या आवारातल्या संग्रहालयाची कहाणीही याच वाटेनं जाते. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावानं ओळखलं जातं. १८५१ चं लंडनचं महाप्रदर्शन आणि १८५५ चं पॅरिसचं प्रदर्शन यांच्यासाठी मुंबई इलाख्यातून कच्च्या मालाचे आणि कारागिरीचे नमुने गोळा केले गेले. त्यांच्या जोडनमुन्यांतून, म्हणजे इथेच ठेवलेल्या दुसऱ्या नगांतून, एक संग्रह उभा राहिला आणि तो १८५७ मध्ये फोर्टातल्या टाउन बराकीत मांडला गेला. मग त्याला स्वतःची इमारत हवी म्हणून वर्गणी जमवली. भाऊ दाजी त्यात होते, नाना शंकरशेट होते, डेव्हिड ससून होते. पायाभरणी १८६२ मध्ये झाली, दरवाजे मात्र उघडले १८७२ मध्ये. मधली दहा वर्षं का लागली, तर कापसामुळे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इथला कापूस सोन्याच्या भावानं गेला आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, इमारतीचं काम पैशावाचून रखडलं.

मला यात गंमत वाटते आणि थोडा रागही येतो. बोंडं वेचणाऱ्या बायकांच्या कष्टावर शहरात इमारती चढत होत्या, भाव पडला की थांबत होत्या, आणि आत मांडायचं होतं ते याच मातीतलं आणि याच हातांचं. फक्त तिथे पोचेपर्यंत त्याचा नमुना झालेला असायचा. नमुन्याला प्रांत असतो, जात असते, लॅटिन नाव असतं. मार्का नसतो. साहेबाला काय पिकतं आणि ते कुठे विकता येईल हे कळायला हवं होतं. कोण पिकवतं हे कळून त्याला काय करायचं होतं? मी काही बुइस्टसाहेबांशी भांडायला निघालेले नाही. त्यांनी लावलेल्या रोपट्यातून हे सगळं वाढलं. पण तेव्हापासून शेतीची प्रदर्शनं मांडायची जी रीत पडली ती पडलीच.

जाता जाता एक. ज्या हिवाळ्यात आपली बाग उघडली, त्याच हिवाळ्यात, म्हणजे डिसेंबर १८६२ मध्ये, लंडनच्या इस्लिंग्टन भागात ॲग्रिकल्चरल हॉल उघडला. १७९८ पासून चालत आलेल्या स्मिथफील्ड क्लबाच्या गुराढोरांच्या प्रदर्शनासाठी तो बांधला होता. लोखंडी कमानींच्या उंच छताखाली बैल, मेंढरं, डुकरं उभी. हळूहळू तिथे इतरही तमाशे सुरू झाले. १८९१ मध्ये क्रफ्ट्सचं पहिलं कुत्र्यांचं प्रदर्शन तिथेच भरलं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास प्रदर्शनं बंद पडली, वास्तूला अवकळा आली, आणि १९८६ मध्ये ती बिझनेस डिझाइन सेंटर म्हणून पुन्हा उघडली. छत तेच, खाली आता व्यापारी मेळे आणि परिषदा. शेतकी प्रदर्शनाच्या जागांचं असंच होतं बहुधा. आधी गुरं जातात, मग अवजारं, मग शेतकरी, शेवटी नाव. आपल्याकडे निदान बाग बाग राहिली आहे आणि वर्षातून एकदा का होईना तिथे भाजी मांडली जाते. म्हणून तर तुम्हाला लिहिण्यात अर्थ आहे.

प्रदर्शन मांडण्याची दुसरी एक रीत आपल्याच माणसानं सांगून ठेवली होती. आर्थर क्रॉफर्ड आयुक्त असताना उभ्या राहिलेल्या, १८६९ मध्ये सुरू झालेल्या मंडईला आज ज्यांचं नाव आहे, त्या जोतीराव फुल्यांनी. १८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून हातावेगळा केला. त्याच्या शेवटी सरकारनं काय काय करावं याची मागण्यांची माळ आहे. बंधारे घाला, पाणी मुरवा, गुरांची पैदास सुधारा. आणि त्यातच एक, जिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही: दरवर्षी श्रावणात प्रदर्शनं भरवा, आश्विनात उभ्या पिकांची आणि औत हाकण्याची परीक्षा घ्या आणि उत्तम ठरेल त्या शेतकऱ्याला बक्षीस द्या.

यातलं श्रावण-आश्विनाचं गणित पाहा. शेतावर पीक उभं असतं तेव्हा परीक्षा घ्यायची. परीक्षा दुधीची घ्यायची नाही, दुधी लावणाऱ्याची घ्यायची. नमुन्याच्या प्रदर्शनात आणि या प्रदर्शनात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माळ्याच्या घरात जन्मलेल्या माणसालाच हे सुचणार. याच जोतीरावांना ११ मे १८८८ ला मांडवीच्या कोळीवाड्यात 'महात्मा' ही पदवी दिली गेली, म्हणजे तुमच्या बागेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. आणि तुमच्या बागेजवळच्या रस्त्याला संत सावता माळ्यांचं नाव आहे. कांद्यामुळ्यात विठोबा पाहणारा संत रस्त्यावर, शेतकऱ्याची परीक्षा घ्या म्हणणारा महात्मा मंडईवर, आणि मध्ये तुमचं प्रदर्शन. याहून मोक्याची जागा कुठे मिळणार?

आता आजच्या प्रदर्शनाबद्दल. मी जवळजवळ दरवर्षी येते आणि तुमच्या माळ्यांच्या हाताला मनापासून दाद देते. फुलांची आगगाडी, फुलांचे पक्षी, फुलांची वाद्यं घडवायची म्हणजे रात्र रात्र जागून एकेक शेवंती टोचत बसायचं काम आहे. त्या फुलांसमोर मोबाइल उंचावलेली गर्दी असते. माझाही असा एक फोटो आहे, उगाच कशाला लपवू. पण गर्दी ओसरते तो कोपरा बघायचा असेल तर भाज्यांकडे या. तिथे वांगी, कोबी, मिरच्या, कुंडीतले पेरू-लिंबू असतात आणि त्यांच्यापाशी घोटाळणारी माणसं अगदी वेगळी असतात. बायका पान उलटून मावा बघतात. म्हातारे मातीत बोट घालून ओल तपासतात. मागच्या एका खेपेला एक बाई मिरचीच्या रोपाशी पाच मिनिटं उभ्या होत्या, शेवटी मला म्हणाल्या, "आमच्याकडे हिला फूल येतं आणि गळतं. हे कोणी लावलंय, भेटतील का?"

भेटतील का, हाच माझाही प्रश्न आहे.

पाटीवर मराठी नाव असतं, लॅटिन नावही असावंच, त्याबद्दल तक्रार नाही. मला तिसरी ओळ हवी आहे. कोणी पिकवलं, कुठल्या मातीत, कुठल्या पाण्यावर. आणि ती मराठी नावाइतकीच ठळक, खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात नको. जमेल तिथे तो माणूस स्वतः पाटीशेजारी उभा हवा, निदान दिवसातून दोन तास. त्याला खुर्ची, पाणी आणि येण्याजाण्याचं भाडं मिळावं. भाषण नको, सत्कार नको, शाल-श्रीफळ तर अजिबातच नको. फूल का गळतं ते त्यानं सांगावं, लोकांनी ऐकावं.

हे का अडून मागते आहे ते सांगते. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातल्या ओळखीच्या घरांतून हातसडीचा इंद्रायणी गोळा करून उपनगरातल्या एका कृषी महोत्सवाला घेऊन आला होता. आयोजकांचं नाव घेत नाही, घेऊन काही उपयोगही नाही. तीन दिवसांचं स्टॉलचं भाडं आधीच भरलेलं. जागा मिळाली ती मसाजच्या खुर्च्या आणि इन्व्हर्टर यांच्या मधोमध. शेतीच्या नावाच्या त्या मांडवात शेतीचे स्टॉल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बाकी गाद्या, पाणी शुद्ध करायची यंत्रं, घरकर्जं आणि फरसाण. अण्णानं घरून एक पुठ्ठा रंगवून आणला होता. त्यावर ज्या आठ घरांचा तांदूळ होता त्या आठ जणांची नावं, मोठ्या अक्षरात. दुसऱ्या दिवशी एक मुलगा आला आणि म्हणाला, पुठ्ठा काढा, मागच्या प्रायोजकाचा फलक झाकला जातोय. अण्णानं काढला. भांडण हा त्याचा पिंडच नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री तो उरलेल्या पोत्यांसह आमच्या घरी आला. जेवण झाल्यावर त्यानं तो पुठ्ठा उलटा करून त्यावर हिशेब मांडला. मी जन्मभर वडिलांच्या पट्ट्या पाहिल्या आहेत, त्यामुळे तो खालचा आकडा लिहायच्या आधीच मला समजलं की ही उलटी आहे. तांदूळ मग चाळीतच गेला. जिन्याच्या कठड्यावर पोतं ठेवलं आणि दोन दिवसांत संपलं. शेजारणींनी मूठभर हातात घेऊन वास घेतला, कोणाकडचा म्हणून विचारलं, अण्णानं पुठ्ठा सरळ करून नावं दाखवली. त्यातल्या एकीनं तर पुढच्या वर्षीसाठी त्या यादीतल्या तिसऱ्याच माणसाचा तांदूळ हवा असं सांगून ठेवलं, कारण तो शिजल्यावर मोकळा होतो म्हणे.

तुमच्याकडे भाडेकरू आणि प्रायोजकांचा हा ससेमिरा निदान एवढा नाही. जागा सार्वजनिक आहे, झाडांची सावली फुकट आहे. मग तिथे कोणाला बोलवायचं?

लांब जायला नको. आरेच्या पाड्यांवर वारली आणि इतर आदिवासी घरं आजही भात, वाल, काकडी, शिराळी लावतात. मेट्रोच्या बातम्यांत त्यांचे पाडे येतात, त्यांची काकडी येत नाही. गोराई, मनोरी, उत्तनच्या पट्ट्यात भाजीच्या वाड्या अजून तग धरून आहेत. वसईचे वाडवळ आणि ख्रिस्ती बागायतदार विहिरीच्या पाण्यावर केळी, पानवेल, फुलं आणि पालेभाज्या करत आले. त्यांची सुकेळी हल्ली मुंबईकराला चाखायला तरी मिळतात का? घोलवडचा चिकू, वाड्याचा कोलम, अलिबागचा पांढरा कांदा यांना भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकन कांद्याला मिळालं. कांद्याची वेणी वळणाऱ्या बाईला तुमच्या मांडवात बसवा आणि वेणी कशी वळतात ते मुलांना करून दाखवायला सांगा. फुलांच्या आगगाडीइतकीच गर्दी तिथेही होईल, पैजेवर सांगते.

रेल्वे रुळांच्या कडेच्या भाजीचा प्रश्न निघेलच, म्हणून आधीच लिहिते. जास्त अन्न पिकवा म्हणून रेल्वेनं ती जमीन आपल्या कर्मचाऱ्यांना लावणीला दिली, तिच्यावर राबणारे हात बहुतेक वेळा परप्रांतातून आलेल्या गरीब माणसांचे, आणि पाणी कित्येक ठिकाणी नाल्याचं. ती पालक-चवळी मांडवात नको, पाणी तपासल्याशिवाय तर नकोच. पण तिच्याविषयी बोलणारा एक फलक असायला हरकत नाही. मुंबईकर रोज लोकलच्या खिडकीतून बघतात ते शेत हेच आणि खातात ती भाजीही कदाचित हीच. प्रदर्शनात सगळं गुळगुळीतच असलं पाहिजे असा काही नियम आहे का?

आणि आता मूळ मागणं. हिवाळ्याच्या शेवटी जे प्रदर्शन भरतं ते भरू द्या, फुलांना तोच हंगाम. पण एक छोटं, दोनच दिवसांचं प्रदर्शन श्रावणात भरवा. जोतीरावांनी महिना सांगितलेलाच आहे. मुंबईत श्रावण म्हणजे रानभाज्यांची अखेरची लगबग. शेवळं तोवर संपलेली असतात, पण कंटोळी, टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी घेऊन डोंगरातल्या बाया दादर-मुलुंड-बोरिवलीच्या स्टेशनाबाहेर फाटक्या छत्रीखाली बसलेल्या दिसतात. कुठली भाजी चिंचेशिवाय शिजवली तर घसा खाजतो, कुठल्या भाजीचं पहिलं पाणी फेकायचं, कशाचा कोंब घ्यायचा आणि कशाचं पान, हे त्यांना तोंडपाठ असतं. गिऱ्हाईक दहा रुपयांच्या वाट्यासाठी घासाघीस करतं आणि ही विद्या फुकट घेऊन जातं. राज्याचं कृषी खातं रानभाजी महोत्सव भरवतंच. तुम्ही ते तुमच्या आवारात आणा. पावसाची भीती असेल तर ताडपत्री लावा, भायखळ्याला ताडपत्रीचं काय कौतुक?

आश्विनातली परीक्षाही सोडू नका. भायखळ्यात औत हाकायला जागा नाही हे मला दिसतं, डॉ. आंबेडकर रस्त्यावर संध्याकाळी बेस्टची बस हाकणं हीच एक परीक्षा आहे. पण उभ्या पिकाची परीक्षा घेता येईल. गच्च्या, गॅलऱ्या, शाळांच्या मागच्या मोकळ्या जागा, आरेतले तुकडे, गोराईच्या वाड्या, सगळ्यांनी नावं द्यावीत आणि तुमच्या खात्यातल्या दोन जाणत्या माळ्यांनी प्रत्यक्ष जाऊन बघावं. परीक्षक म्हणून माळीच हवेत. एखादी तारका नको, एखादा आमदारही नको. माती हातात घेऊन सांगणारा हवा. तुमच्याकडे असे लोक आहेत आणि त्यांना बक्षीस-समारंभात मागच्या रांगेतही खुर्ची मिळाली नाही तरी ते काही बोलणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्यांच्या वतीनं मी बोलते.

फाटकापाशी एक फलक लावणार असाल तर मजकूर फार नको. १८३० ची शेतकी संस्था, शिवडीची गेलेली बाग, १८६२, १८७३, एवढं पुरे. आणि खाली कोरी जागा ठेवा, जिथे त्या वर्षीच्या प्रदर्शनात ज्यांनी पिकवून आणलं त्यांची नावं खडूनं लिहिता येतील. दर वर्षी पुसायची, दर वर्षी लिहायची. अक्षर मात्र मोठं काढा.

माझंही एक काम आहे तुमच्याकडे. आमच्या गॅलरीत पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात दुधीचा वेल चढवला आहे. पहिली दोन फळं पिवळी पडून गळाली, तिसरं धरलं आहे आणि आता वीतभर झालं आहे. देठाला बांधायला लाल चिंधी काढून ठेवली होती, पण घरातल्यांचं म्हणणं पडलं की तो मार्का गाठवाल्या म्हातारबुवांचा, आपण कसा वापरायचा? नात म्हणते मांजराचं चित्र काढू, अण्णा फोनवरून म्हणतो नुसता गेरूचा फटकारा मार. अजून ठरलेलं नाही. प्रदर्शनाची प्रवेशिका कुठल्या खिडकीवर मिळते आणि ती भरायची शेवटची तारीख कोणती, तेवढं कळवावं. फळ तोपर्यंत जून व्हायला नको.

आपली,
गाळ्यावरच्या दिवाणजींची मुलगी
भायखळा, मुंबई